सम्राटाचा राज्याभिषेक आणि अकरा मतदार

आमच्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण काल्पनिक जग रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, काय करणार ते तोंडाने सांगतात आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. जग रचणारा मी. दर रविवारी जेवणं झाली की आमच्या गच्चीवरच्या खोलीत तिघं येतात: पेठ वडगावात गणित शिकवणारा माझा शाळासोबती, कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला दुसरा मित्र, आणि गावच्या दूध संस्थेत सचिव असलेली माझी धाकटी मावसबहीण.

सुरुवातीला या जगाला सातशे वर्षांचा इतिहास होता. राजवंश, शिलालेख, तीन मृत भाषा. मास्तरने पहिल्याच दिवशी राजधानीच्या वेशीवर विचारलं, "हितं च्या कुठं मिळतोय?" मला चहाची टपरी काढावी लागली. वर्षभरात वंशावळ सगळे विसरले. टपरीवाल्या राक्षसाच्या मुलीचं लग्न मात्र तिघांनी मिळून जमवलं.

तरी राज्याभिषेक मी राखून ठेवला होता. उत्तरेचा राजपुत्र सम्राट होणार, जुलमी निघणार, मग महायुद्ध. तीन महिने खपून चौदा पानं लिहिली, त्यात ललकारीच दीड पान. शोभेपुरती एक अट घातली: अकरा गावांच्या प्रमुखांनी राजसभेत हात वर करायचे.

"अकराच?" बहिणीने विचारलं.

"अकराच. का गं?"

"न्हाय, सहज."

तिचं पात्र म्हणजे एक वैदीण. तिने मागे एका म्हाताऱ्या ड्रॅगनची दाढ काढली होती, तेव्हापासून तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. तिने अकराही प्रमुखांना त्याच्या पाठीवर बसायला बोलावलं.

"कुठे नेतेस त्यांना?"

"सहलीला. निवडणूक तोंडावर आल्यावर मतदार गावात ठेवत्यात व्हय, दादा?"

मी प्रत्येकासाठी फासा टाकायला लावला. दहा तयार झाले. अकरावा अडला, तेव्हा मास्तरने त्याला बायकोसकट न्यायचं कबूल केलं.

राजपुत्र हत्तीवरून आला. सभा रिकामी. ललकारी ऐकायला एक चोपदार. सुपरवायझरचं पात्र पुढे झालं आणि म्हणालं, "बसा की पावणं. आज कोण न्हाय."

आता माझं एक वाक्य पुरे होतं: वादळ येतं, ड्रॅगन माघारी फिरतो. चौदा पानं वाया गेली नसती. असं मी एकदा केलंही होतं. सुपरवायझरने चार रविवार खपून बांधलेला पूल माझ्या कथेला आडवा येत होता, म्हणून पूर आणून वाहून नेला. पुढचे दोन रविवार त्याला कारखान्यात काम निघालं. काम नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिघं माझ्याकडे बघत होते.

"वादळ आणतोयस न्हवं?" बहीण म्हणाली. "आण की. मग पुढच्या रविवारी एकटाच खेळ, चौघांचं मिळून."

सुपरवायझर पायात चप्पल सरकवत होता.

"ड्रॅगन कुठे निघालाय?" मी विचारलं.

"दक्षिणेला. चार दिवस ऱ्हायाचं हाय. बघण्यासारखं काय हाय तिकडं?"

दक्षिणेला नकाशात काहीच नव्हतं. मी ललकारीचं पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"गरम पाण्याचे झरे," मी म्हणालो. "शेजारी धर्मशाळा."

"आन् जेवणाचं?" सुपरवायझरने चप्पल काढून पाय वर घेतले.