चाचांची पाठीमागची तारीफ

तिसगावात चहाड्यांचा धंदा कुणी बुडवला असेल, तर तो आमच्या शेजारच्या शिंपीचाचांनी. पाठीमागे निंदा करणं, ज्याला आम्ही गीबत म्हणतो, ते मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखं आहे, असं कुरआन सांगतो. मीही हे लहानपणापासून पत्रकांत वाचत आलो. मोठा झाल्यावर निरोगी समाजाबद्दल तशीच जळजळीत पत्रकं लिहायला लागलो. चाचांना मात्र निंदा ऐकली की खरोखर मळमळायचं. दुकानात कुणी कुणाचं नाव काढलं की मशीन थांबे आणि मोबाईल बाहेर निघे. एकदा एक गिऱ्हाईक कंबरेचं माप देता देता सरपंचांनी केलेल्या रस्त्यावर घसरलं. चाचांनी लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला. "सरपंच, हितं तुमचाच विषय हाय. तुमी बी ऐका." गिऱ्हाईक टेपसकट पसार झालं.

दोष तोंडावर आणि तारीफ पाठीमागे, हा चाचांचा कायदा. त्यामुळे भेटेल त्याला वाटे की हा माणूस आपल्यावर खार खाऊन आहे.

अशा माणसाच्या हाती माझं लग्न आलं. कोल्हारची मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि तिचे वडील चौकशीला नेमके चाचांच्याच दुकानात शिरले. चाचांनी मला हाक मारली. "ये, बस. तू नसताना तुझे ऐब कसे सांगू?"

मी बसलो. चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले, "लई तापट हाय. सभेत बायांच्या हक्कावर बोलतो, घरी जेवलेलं ताट उचलत न्हाई. पगार लहान, आवाज मोठा."

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. "अहो, काही चांगलं?"

"हाय ना. पण ह्याच्या तोंडावर न्हाई सांगायचो, डोक्यात हवा जाईल. बेटा, तू भाईर जा."

मी बाहेर बोळात उभा राहिलो. आतलं बोलणं बराच वेळ चाललं, पण शब्द काही कळेना. तिचे वडील बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी माझा खांदा दाबला आणि शादी ठरली.

गेल्या वर्षी चाचा गेले. दफनानंतर मी सासऱ्यांना विचारलं, "त्या दिवशी चाचा काय म्हणाले होते?"

सासरे थोडं हसले. "तुम्ही जरा बाहेर जा, मग सांगतो."

ते काय होतं, मला अजून माहीत नाही. पण चाचांचा शब्द खोटा पडू नये, म्हणून मी सगळ्याच बाबतीत जपून वागतो.