झाडावरचा पारखी

माझा धाकटा भाऊ लक्ष्या माणूस वाईट नव्हता, पण अडेल! एकदा नाही म्हणाला की बैल जुंपून ओढला तरी हो म्हणायचा नाही. जव्हारात राजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. वाघ, सांबर ही राजाची शिकार. आमच्या जामसरच्या पाड्यावर उरायचं ते शेकरू आणि उदमांजर. दोघंही चाहूल लागली की सरळ झाडावर. म्हणून कुत्रं असं लागतं, की त्यानं जनावराला झाडावर चढवावं आणि माणूस तिरकामठा घेऊन पोचेपर्यंत बुंध्याशी ठाण मांडून भुंकत राहावं. असलं पिल्लू पारखावं ते लक्ष्यानंच. पार मोखाड्याहून लोक पिल्लं काखेत मारून त्याच्याकडे यायचे.

"कुत्रं लहानच हवं," तो सांगायचा. "मोठं धूड करवंदीच्या जाळीत अडकतं. मग शेकरू राहतं बाजूला आणि आपण बसतो कुत्रं सोडवत."

नखं बघायचा, मानगूट धरून उचलायचा, कानात फुंकर मारायचा. एवढं काय, कोणीही करेल. पण खरी परीक्षा पुढेच. हा बाबा स्वतः शेकरू व्हायचा! दारातल्या मोहावर सरसर चढायचा, फांदीवर उकिडवा बसून "टक टक टक" असा आवाज काढायचा, वर फांद्या गदागदा हलवायचा. खाली पिल्लू तोंड वर करून भुंकत राहिलं तर ते कामाचं. दुसरीकडे बघितलं की बाद. डोक्याचे केस पिकले तरी हा लंगोटीवर झाडात बसून शेकराशी नातं सांगतोय! येणारे-जाणारे पोट धरून हसायचे, आणि मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, तोंड कुठं लपवू असं व्हायचं.

त्याची बायको लवकर गेली. एकुलती एक चंद्रा, तिला त्यानं आणि मी मिळून वाढवली. पोर तोंडाची तिखट निघाली. बाप-लेक उठल्यापासून भांडायचे. मीठ कमी, पाणी गार, कोंबडी कोणी डालली नाही, काहीही पुरायचं. असं चाललं असताना पोरीचा जीव साखरशेतच्या सावळ्यावर बसला. पोरगा कष्टाळू, सरळ. फक्त लक्ष्यासमोर आला की त्याची बोबडी वळायची.

सावळ्याची माणसं मागणी घालायला आली, तर लक्ष्या सगळ्या पाड्यासमोर काय म्हणाला? "ज्याला कुत्रं निवडता येत नाही, तो माझी पोर काय सांभाळणार? माझ्या परीक्षेत टिकेल असं पिल्लू आण, मग पोर तुझी." ह्याचा त्याच्याशी काय डोंबलाचा संबंध? पण शब्द गेला तो गेला.

सावळ्यानं पिल्लू आणलं. लक्ष्या झाडावर. पिल्लू छान भुंकत होतं, आणि मधेच वळून कुडाकडे पळालं. बाद! दुसरं आणलं, तेही तसंच पळालं. पुढच्या खेपेला मी कुडाशीच उभी होते, तर माझ्या पायापाशी टपकन काय पडलं? नाचणीच्या भाकरीचा तुकडा. झाडावरून! हा लबाड वरून भाकर फेकत होता.

मी त्याला घरात गाठलं. "मेल्या, लाज आहे का? पोरीच्या जन्माचं वाटोळं करतोस?"

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "बाय, ती गेली की माझ्याशी भांडणार कोण?"

मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. म्हटलं, "मग सांग तसं लोकांना." तर म्हणे, "आणि माझ्याकडे पुन्हा कुत्रं घेऊन कोण येईल?"

पण चंद्रानं मग भांडणंच सोडलं. भाकर थापायची, पुढ्यात ठेवायची, शब्द नाही. लक्ष्या मुद्दाम खोडी काढायचा, "भाकर करपली." ही म्हणायची, "असेल." तो म्हणायचा, "कालवणात मीठच नाही." ही म्हणायची, "नसेल." घर असं गप्प झालं की लक्ष्या माझ्याकडे येऊन बसायला लागला. त्याच दिवसांत माझ्या शिंक्यातले सुके बोंबील कमी व्हायला लागले. मी मांजराला केरसुणीनं झोडपलं.

आणि एके दिवशी सावळ्या पुन्हा आला. ह्या वेळी एक मळकट कुत्री, एक कान उभा, एक पडलेला, पाय एवढेसे आखूड. पाडा आधीच हसायला लागला. लक्ष्यानं ना नखं बघितली, ना कानात फुंकर मारली. मुंडासं घट्ट केलं आणि चढला.

कुत्री जी भुंकायला लागली, ती थांबेचना. समोरून कोंबडी गेली, हलली नाही. पाड्यावरच्या कुत्र्यांची जुंपली, हिनं बघितलं नाही. ऊन उतरलं. शेवटी लक्ष्यानं पाय खाली सोडला, तर हिनं उडी मारून त्याचा अंगठाच धरला.

"अरे, धरा हिला!"

सावळ्या धावला. चंद्रा म्हणाली, "थांब तू. बा, आधी बोल. कुत्री कामाची का नाही?"

"कामाची!"

"मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"कामाची आहे ग! तुझ्यासारखीच आहे, धरलं की सोडत नाही!"

"आणि तू फार गुणाचा! म्हातारपणी झाडावर बसतोस!"

कितीतरी दिवसांनी बाप-लेक भांडत होते, आणि अंगठा कुत्रीच्या तोंडात असताना लक्ष्या हसत होता.

सावळ्यानं कुत्री सोडवली. लक्ष्या उतरताना घसरला, मुंडासं सुटलं, आणि त्यातून माझ्या पुढ्यात पडला एक बोंबील. माझा बोंबील! वाकून बघते तर मेल्याच्या पायांनाही तोच वास, चांगले चोळले होते.

"बाय, बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "माझी पारख जाईल."

मी बोंबलावर पाय ठेवून उभी राहिले.

आमच्यात लग्न लावते ती धवलेरी बाई; तिनं गाणी म्हणून लग्न लावलं. चंद्रा साखरशेतला गेली, कुत्री लक्ष्याकडे राहिली. जन्मात एक शेकरू तिनं झाडावर चढवलं नाही. पण चंद्रा माहेरी यायची असली की लक्ष्या सकाळीच मोहावर चढून वाट बघत बसायचा, आणि कुत्री खाली बसून भुंकायची. चंद्रा लांबूनच ओरडायची, "बा, खाली उतर, हाडं मोडून घेशील!"

आणि हा वरून ओरडायचा, "नाही उतरत, जा!"