ओहोटीची वाट पाहणारे सर

वसंतराव म्हात्रे सरांची आणि माझी ओळख लाल शाईने झाली. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. सरांनी पेणच्या त्यांच्या धोरण-अभ्यास संस्थेचा एक इंग्रजी अहवाल माझ्याकडे तपासायला पाठवला. विषय होता एका गावात खाडीला बांध घालून केलेली भातशेती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, सिस्टरांच्या धाकातलं. लाल शाई मी हात राखून वापरत नाही. शेवटच्या पानावर मी लिहिलं, ‘या गावात माणसं राहतात का? मला एकही भेटलं नाही.’ आठवड्याने सर स्वतः दारात उभे. “बाई, माणसं आत आणायची आहेत. पेणला येता का?”

मी गेले. तिथे सरांचा एकच कडक नियम होता आणि आजही आहे. ज्या गावाबद्दल लिहिलं, त्या गावात वाचून दाखवल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. बाहेरून येणारे विद्वान यावर हसतात. सर त्यांच्याशी वाद घालत नाहीत. गाडीत घालून गावी नेतात, वाटेत गडब गावी थांबून चहा पाजतात.

गेल्या वर्षी संस्थेने संवादाच्या कामासाठी प्रथमच इंटर्न घेतली. अहवाल साध्या मराठीत आणायचे, फोनवर फिरतील अशी पोस्टरं करायची, हे तिचं काम. माझ्याकडे शिकायला येणारी ऋतुजा मीच सुचवली. तिचे वडील रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात. लेकीला पेणला पाठवायला ते तयार नव्हते. तिथे तिच्या नावाला बोल लागणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला.

महिन्याभरात एका गावाचा बांध उधाणाने फुटला. ऋतुजाने जाऊन फोटो काढला. बांधावर ओळीने बसलेली माणसं, पायाशी घमेली. त्यावर मथळा दिला: ‘बांध फुटला, गाव बसून!’ आमच्या एका विश्वस्तांना बैठकीपूर्वी काहीतरी चमकदार हवं होतं. गावात वाचायचं राहिलंय, असं पोरीने दोनदा सांगितलं. ते म्हणाले, पाठव. पोस्टर गेलं, गाव खवळलं, आणि हेच गृहस्थ म्हणू लागले की माफीनाम्यात इंटर्नचं नाव घाला आणि तिला घरी पाठवा. त्यावर मी जे बोलले ते सरांच्या या गौरवग्रंथात छापण्याजोगं नाही.

सरांनी माझं बोलणं संपू दिलं. मग माफीनामा स्वतः लिहिला. चूक संस्थेची, खाली सही त्यांची; ऋतुजाचं नाव कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी तिला आणि मला घेऊन ते गावात गेले.

बांधावरच्या एका आजींनी तिला गाठलंच. “तूच गो ती? बसलो व्हतो, व्हय. पानी उतरल्याबिगर चिखल ऱ्हातो काय? तू टाकून दाव.”

पोरीचा चेहरा उतरला. सर पुढे झाले. “आजी, तिला ओहोटी दाखवायची राहिली. ती चूक माझी.”

आजींनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मंग आज दाव. आन् पोरीला उपाशी नको नेऊस.”

सर चप्पल काढून त्या ओळीत बसले. ऋतुजा बसली. गुडघे कुरकुरले, तरी मीही बसले. पाणी उतरलं तशी घरटी एक माणूस खाली उतरला आणि चिखलाची घमेली हातोहात फिरू लागली. ऋतुजाही त्यात होती. जेवणं झाल्यावर तिने तोच फोटो नव्या मथळ्यासह वाचून दाखवला: ‘ओहोटी लागली की गाव कामाला लागतं.’ आजी म्हणाल्या, “आता बराबर हाय.”

त्या संध्याकाळी रोह्याला तिच्या घरी मी ताठ मानेने चहा प्यायले. तिचे वडील एवढंच म्हणाले, “सरांकडे अजून सहा महिने राहू दे.”

सर आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि सर, आता जरा बसत जा. तुम्हाला बसलेलं पाहून या संस्थेत कुणीही चुकीचा मथळा देणार नाही.