अक्कांच्या स्वयंपाकघरातलं रेसकोर्स

आमचे मामेसासरे म्हणजे अख्ख्या खानदेशातले एकमेव गृहस्थ, जे रोज सकाळी साडेसहाला चपला हातात धरून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून आरपार जातात आणि तरी त्यांना कोणी चोर म्हणत नाही. म्हणणार कोण? त्या घराच्या मालकीणबाई, साऱ्या गल्लीच्या अक्का, स्वतः पुढचं दार उघडतात. मामा "चालू द्या तुमचं" म्हणत फोडणीच्या वासातून पुढे सरकतात आणि मागच्या दाराने बाहेर पडतात. माझी पिंप्राळ्याहून धुळ्याला नुकतीच बदली झाली होती, तेव्हा मामांनी मोठ्या प्रेमाने मला देवपुरात बरोबर फिरायला नेलं. अक्कांच्या ओट्याजवळ मी लाजेने अर्धा झालो. बाहेर आल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, इलाज नाही. रेसकोर्स इथूनच जातं."

मामांचं म्हणणं असं, की ही कॉलनी व्हायच्या कितीतरी आधी, साहेबाच्या राज्यात, या जागी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. तंबू होते, बँड होता आणि कुंपणाला अर्धं धुळं लोंबकळत होतं. पुढे साहेब गेला, मैदानाचं रान झालं, रानाचे प्लॉट पडले. मामांच्या पायाखालचं मैदान मात्र काही केल्या हलेना. हयात एसटीच्या कंडक्टरकीत गेलेली, त्यामुळे फेरी मारताना ते थांबे पुकारल्यासारखी वळणं पुकारतात. पहिलं वळण, पाटलांचा पोर्च. दुसरं वळण, पिठाची गिरणी. शेवटचं वळण, अक्कांचा गॅस. एकदा दुधाची पिशवी घ्यायची म्हणून मी अर्ध्यातून निघायला लागलो, तर माझा दंड धरून म्हणाले, "मध्ये उतरता येत नाही." कोणाच्या वास्तुशांतीला गेले की फरशी बघत नाहीत, रंग बघत नाहीत. देवघरासमोर उभे राहून यजमानांना सांगतात, "जागा फार मोक्याची घेतलीत. इथे घोडे दम टाकायचे." यजमान बिचारा हात जोडतो. अक्का रोज चहा विचारतात आणि मामा रोज म्हणतात, "पळत्या घोड्याला चहा पाजतात का कुठे?" फेरी पुरी झाली की मात्र परत येऊन दोन कप पितात.

विश्वास कोणाचाच नव्हता. माझाही नव्हता, खोटं कशाला बोलू? मी तर चारचौघांत त्यांची टोपी उडवायचो. "मामा, आज कुठला घोडा पहिला?" असं विचारायचो, आणि ते बापडे खरंच उत्तर द्यायचे.

मागच्या वर्षी अक्कांचा मुलगा पुण्याहून कायमचा घरी आला. हुशार मुलगा, बोलायला सरळ. त्याने घर नीट करायला काढलं आणि मागचं दार बुजवून तिथे कपाट करायचं ठरवलं. मामा गयावया करायला गेले. तो म्हणाला, "मामा, रेसकोर्सचा एक कागद दाखवा. कागद नसेल तर ते डोळ्यांनी पाहिलेला दुसरा एक माणूस आणा. दार ठेवतो."

कागद नव्हताच. आणि माणूस आणायचा कुठून? मामांच्या वयाची माणसं एकेक करून गेलेली. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं की सोनगीरला एक म्हातारे नालबंद आहेत, शंभरीला टेकलेत, तरुणपणी घोड्यांना नाल ठोकायला धुळ्याला यायचे. मामांनी मला रजा टाकायला लावली आणि स्कूटरवर मागे बसले.

वाटेत त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मामांचे वडील त्या मैदानावर घोड्यावर बसत. मामा सहा वर्षांचे असताना शेवटची शर्यत झाली. कुंपणावर बसलेल्या पोरासमोरून बाप तांबड्या घोडीवर निघून गेला. त्याच आठवड्यात घोडे विकले गेले, महूच्या छावणीकडे निघाले, आणि घोड्यांबरोबर बापही गेला. जाताना म्हणाला, "पोचवून येतो." तो आलाच नाही. मी आरशात पाहिलं, तर मामा रस्त्याकडे बघत होते.

नालबंदचाचा ओसरीत बाजेवर बसले होते. डोळे गेलेले, कान शाबूत. मामांनी अहिराणीत नुसतं "देवपूरनं मैदान" म्हटलं आणि म्हातारा हसला. तंबू, बँड, तांबडी घोडी, सगळं घडाघडा बोलला. मी मोबाइलवर सारं रेकॉर्ड करत होतो. मामांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग मामा सुखाने म्हणाले, "आनी बठ्ठा घोडा डावीकडे वयेत." म्हणजे सगळे घोडे डावीकडे वळायचे.

"डावीकडे?" चाचा ताठ झाले. "उजवीकडे वयेत."

"चाचा, मी सहा वरीसना व्हतू, मना डोयाघाई देखेल शे."

"तू सहा वरीसना व्हता. उजवा पायनी नाल पहिले झिजे. झिजेल नाल मी काढेल शेतस, तू माले काय शिकाडस?"

अर्धा तास दोघे हातघाईवर यायचे बाकी होते. शेवटी चाचांच्या नातवाने कोनाड्यातून मैदानावरच्या घोड्याची, उजव्या पायाची एक जुनी नाल आणून मामांच्या हातात दिली. मामा तिच्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, मग स्वतःशीच पुटपुटले, "उजवीकडेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस उभ्या आयुष्यात रोज ती फेरी मारतो आणि ती उलटी निघते! परतताना महामार्गावर चहाला थांबलो. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या हो मामा. उद्यापासून उजवीकडून सुरू करू. अक्कांच्या मागच्या दाराने आत, पुढच्या दाराने बाहेर."

मामांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी रोज समोरून चालत होतो, जावईबापू. बाबा ज्या बाजूने येणार, त्या बाजूला तोंड करून."

माझं सारं शहाणपण चहात विरघळलं.

अक्कांच्या मुलाने मोबाइलवरचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. दोन म्हातारे घोडे कुठल्या बाजूला वळत यावरून एकमेकांच्या जिवावर उठले होते, पण मैदान होतं की नव्हतं याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. त्याने सुताराला फोन करून कपाट रद्द केलं. मग हळूच म्हणाला, "मामा, पण दिशा तर उलटी निघाली. आता फेरी फिरवणार ना?"

"नाही," मामा म्हणाले. "आता फिरवली तर बाबांकडे पाठ होईल."

आजही साडेसहाला मामा पुढच्याच दाराने आत येतात. पूर्वीसारखी घाई नसते. मागच्या दाराशी पोचले की कडी काढतात, दार पुरतं उघडतात आणि उंबऱ्यावर क्षणभर कडेला सरून उभे राहतात, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. त्या वेळी अक्का पातेल्यावर झाकण ठेवून थांबतात. मीही थांबतो.