बोटाचं तेल

कागद गिरणीसाठी मी आखलेला पहिला रोलर पंधरा दिवसांतच परत आला. पोलादावर ओतलेलं पॉलियुरेथेनचं मधाच्या रंगाचं जाड आवरण सालीसारखं सुटलं होतं. गिरणीचं यंत्र बंद होतं आणि आमच्या कारखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते.

ओतकाम करणाऱ्या शेवंताबाईंनी सुटलेला तुकडा उजेडात धरला. "मॅडम, सुरुवात इथून झाली. गोंद लावायच्या आधी पोलादाला कुणाचा तरी हात लागलाय. बोटाचं तेलसुद्धा पुरतं."

वाळूच्या माऱ्याने लख्ख झालेल्या त्या पोलादावरून मीच कौतुकाने तळवा फिरवला होता.

"माझाच हात होता," मी म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला हातमोजे दिले. पोलाद पुन्हा घासलं, पुसलं, गोंद लावला, ओतलं, भट्टीत शेकलं. सोबत पोलादाच्या पट्टीवर तसाच एक छोटा नमुनाही केला आणि तो यंत्रात धरून ताणला. आवरण लांबत गेलं, पांढुरकं पडलं आणि फाटलं. पण फाटलं ते मधोमध. पोलादाशी जिथे जुळलं होतं, तिथे केसभरही हललं नाही.

टनांचा भार सोसणारी ही जोडणी, आणि तिला एका तळव्याचं तेल सोसत नाही! मी नमुन्याच्या पोलादावर उरलेला पिवळा थर नखाने खरवडून पाहिला. नख मोडलं.