पूर्ण एक मिनिट

नोकरी सोडून अकरा वर्षं झाली, तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. त्या दुपारी तिचा थोरला भाऊ गळ्यातली टेप न काढताच शिवणाच्या दुकानातून आला. हातात लेकीचा नोकरीचा अर्ज आणि हॉस्पिटलची जाहिरात. लेक नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसलेली आणि अर्ज पाचच्या आत पोचवायचा होता. वर तिनंच चिठ्ठी लावली होती : आत्या सांगेल त्या वॉर्डांपुढे खूण करा.

दादानं चष्मा वर सरकवला. "जाहिरात आहे की गाड्यांच्या नंबरांची यादी? आख्खा शब्द लिहायला यांची शाई संपते का गं?"

सिस्टर हसली. आरएन म्हणजे नोंदणी झालेली नर्स, ओपीडी म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी, ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, असं ती सांगत गेली आणि दादा खुणा करत गेला. मग त्याचं बोट एनआयसीयूवर थांबलं. सर्वांत जास्त जागा तिथेच होत्या.

"ते सोड. नुसतं सामान मोजायचं काम," म्हणून ती चहा ठेवायला उठली.

पाठीमागून तो बारीक श्वास आलाच. त्याच वॉर्डातलं, तिसऱ्या काचेच्या पेटीतलं बाळ, दोन दिवसांचं. इतक्या लहान जिवाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, कारण तो मध्येच थबकतो. त्या दिवशी घाई होती. तिनं पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणले, तक्त्यावर अठ्ठेचाळीस लिहिलं आणि पुढे गेली. बाळ त्यानंतर थबकलं, ते कायमचं. तिला कुणी बोल लावला नाही. तक्ता बिनचूक होता ना! तेव्हापासून तो श्वास तिच्या घरी राहायला आला.

चहा घेऊन आली, तर दादाला खुर्चीतच डुलकी लागलेली. सवयीनं तिची नजर घड्याळावरून त्याच्या छातीवर गेली. पंधरा सेकंद. तीस. साठ. भाचीला हे कोण शिकवणार? पुस्तकात एक ओळ असते, पण ती घाईतल्या बाईचा हात धरत नाही.

तिनं त्याला हलवलं. "दादा, मघाशी खोटं बोलले. अगदी नाजूक, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड आहे तो. कर खूण."

दादानं पेन उचललं. "तुला सोसेल?"

"नाही. पण पोर रोज घरी आली की विचारीन, पूर्ण मिनिट मोजलंस का म्हणून."

त्यानं खूण केली आणि लगबगीनं गेला. सिस्टर रिकाम्या खुर्चीसमोर बसली. श्वास तिथेच होता. तिनं घड्याळ हातात घेतलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.