समोरच्या काकूंचा अर्ज

खराडीत राहायला आल्यावर समोरच्या दाराशी ओळख व्हायला मला चार महिने लागले. आधी आम्ही स्वारगेटजवळ राहायचो, तिथे दारं दिवसभर उघडी असायची. इथे लिफ्टमध्येसुद्धा जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. मला ते सोसवेना.

समोर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत. पहिल्यांदा मी शेवयांची खीर घेऊन गेले, तर दार अर्धंच उघडून त्या म्हणाल्या, "मला मधुमेह आहे. आणि वाट्यांची देवाणघेवाण मला आवडत नाही." दार बंद. हे ऐकून आमचे हे पोट धरून हसले. मी मात्र हट्टाला पेटले.

पुढच्या वेळी निवडलेली मेथी नेली. ती घेतली. मी घरी ब्लाउज शिवायचे, म्हणून त्यांचे दोन उसवलेले ब्लाउज नीट करून दिले. लिफ्ट बंद पडली की त्यांचं दूध वर आणून द्यायचे. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात. दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं, ते मी अंगावर घेतलं. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असे. त्या पाच मिनिटांत आमचं बोलणं सुरू झालं. "हात हलका आहे हो तुमचा," त्या एकदा म्हणाल्या. पुण्याच्या माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे हारतुरेच की! दिवसभर मी हवेत होते.

त्याच सुमारास यांची नोकरी गेली. कंपनीनं एका दिवसात पन्नाशीच्या माणसाला घरी बसवलं. आम्ही कुणालाच सांगितलं नाही, माझ्या आईलाही नाही. हे रोज नऊ वाजता डबा आणि लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडत, येरवड्याकडच्या एका बागेत बसून नोकरीसाठी अर्ज करत आणि सातला परत येत. घर माझ्या शिवणावर चाललं होतं.

एका दुपारी औषध घालताना थेंब काकूंच्या गालावर पडला. "काय झालं? लक्ष कुठंय तुमचं?" आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, बागेचंसुद्धा. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी माझा हात घट्ट धरला. "माझ्या पोटात राहील हे," म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी सोसायटीची सभा होती. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. सेक्रेटरींनी एक तक्रारअर्ज वाचायला घेतला. राहत्या घरात शिवणाचा धंदा, दुपारी मशीनचा आवाज, अनोळखी बायकांची ये-जा. इथवर मी ऐकून घेतलं. पण पुढे होतं, "घरातील पुरुषाची नोकरी सुटली असून ते कामावर जाण्याचा केवळ देखावा करतात. त्यामुळे हा व्यवसाय वाढतच जाणार, याची सोसायटीने नोंद घ्यावी."

कुणीतरी खाकरलं. यांनी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. जिन्यात एवढंच विचारलं, "तू सांगितलंस?" मी हो म्हणाले.

मी तडक काकूंकडे गेले. "तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. त्यात खोटं काय आहे?"

"मी विश्वासानं सांगितलं होतं, काकू."

"दुपारी झोप लागत नाही मला त्या मशीननं. तुमचे उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण म्हणून नियम बदलत नाहीत."

"मग मला सांगायचं होतंत. मी दुपारी मशीन बंद ठेवलं असतं."

त्यावर त्यांनी दार लोटलं.

मशीन मला एका मैत्रिणीच्या दुकानात हलवावं लागलं. यांना पुढे पगार कमी असलेली, पण नोकरी मिळाली. आवाजाबद्दल मी काकूंना केव्हाच माफ केलंय. म्हातारपणी झोप महत्त्वाची असते. पण ते देखाव्याचं वाक्य त्यांनी का घातलं, ते मला अजून कळत नाही. त्याच्याशिवायही अर्ज पुरेसा होता. जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर हे मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.